दुर्गा नावाच्या बायका

आश्विन लागला की वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून फोन सुरू होतात. "सर, नवदुर्गा पुरवणी काढतोय, एखादी दुर्गा सुचवा ना." त्यांना हवी असते ती कोणीही कर्तबगार बाई. वैमानिक, पोलीस अधिकारी, सरपंच, कोणीही चालते. फोटो त्या दिवसाच्या रंगाच्या साडीतला मिळाला तर दुधात साखर. माझे उत्तर ठरलेले असते. "दुर्गा याच नावाच्या बायका देतो, चालतील?" पलीकडून जरा वेळाने आवाज येतो, "म्हणजे दुर्गा भागवत का? त्यांच्यावर मागे आलंय आमच्याकडे." विषय तिथेच मिटतो. यंदा या अंकाच्या संपादकांनी पाने मोकळी सोडली आणि रंगाची अट घातली नाही, म्हणून हा आढावा.

आढावा म्हटले की काही विद्वान लगेच वही काढून हजेरी घेणार, हे मला माहीत आहे. अमुक दुर्गा राहिली, तमुक दुर्गेचे जन्मसाल दिले नाही. त्यांनी कोश पाहावा. माझे गाऱ्हाणे निराळे आहे आणि ते जुने आहे. या नावाच्या प्रत्येक बाईला आपण एका प्रसंगात कोंडून ठेवले आहे. कुणाला कऱ्हाडच्या व्यासपीठावर, कुणाला काकीनाड्याच्या फाटकापाशी, कुणाला लॅमिंग्टन रोडवर हातात पिस्तूल देऊन. नाव दुर्गा, म्हणजे बाई सिंहावर बसलेलीच हवी! खाली उतरून तिने पुढे तीस-चाळीस वर्षे जे काम केले, त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. असुर मारायला एक दिवस पुरतो. शाळा चालवायला, ग्रंथ लिहायला, संस्था उभी करायला जन्म जातो, आणि त्या जन्माचे फोटो चांगले येत नाहीत.

सिनेमापासून सुरुवात करतो, कारण तिथे गंमत आहे. 1913 साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामासाठी बाई मिळाली नाही आणि साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसावे लागले, ही गोष्ट शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण फाळक्यांच्या लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दोन बायका उभ्या राहिल्या, हे सांगताना लोक अडखळतात. पार्वतीचे काम केले दुर्गाबाई कामत यांनी आणि मोहिनीचे त्यांच्या मुलीने, कमलाबाईंनी. हिंदुस्थानी पडद्यावरची पहिली स्त्री ही एक दुर्गा होती आणि ती एकटी आली नव्हती, लेकीला घेऊन आली होती. संसारातून बाहेर पडलेली, पोटासाठी नाटकात शिरलेली बाई. त्या काळच्या भल्या घरांतून तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले असेल, ते सांगायला नको. कमलाबाई पुढे गोखले झाल्या, त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. विक्रम गोखल्यांच्या अभिनयावर रकानेच्या रकाने लिहिणाऱ्यांनी पणजीसाठी दोन ओळी राखून ठेवल्या असत्या तर बिघडले नसते.

मग 1932 साल. कोल्हापूरच्या 'प्रभात'ने पुन्हा तीच हरिश्चंद्राची कथा घेतली आणि मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' काढला. राजा गोविंदराव टेंबे, दिग्दर्शक शांताराम. तारामती? दुर्गा खोटे. ज्या भूमिकेसाठी एकोणीस वर्षांपूर्वी बाई मिळत नव्हती, तिथे आता गिरगावातल्या सुखवस्तू लाडांची, कॅथीड्रल शाळेत आणि झेवियर कॉलेजात शिकलेली मुलगी उभी होती. 'फरेबी जाल' या आधीच्या चित्रपटातल्या छोट्या कामाने घराण्याची नाचक्की झाली होती. सासरचा पैसा गेलेला, पदरी दोन मुलगे. शांतारामांनी बोलावले तेव्हा कलेच्या ओढीपेक्षा घरखर्चाचे कारण मोठे होते. 'मी दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात बाईंनी हे सगळे झाकपाक न करता लिहिले आहे. मराठीत नटनट्यांच्या आत्मचरित्रांचा आता पूर आला आहे. त्यातली बरीचशी वाचून मनात येते, की या मंडळींना पैशाची काळजी कधी पडलीच नव्हती की काय.

'अमरज्योती'तली त्यांची सौदामिनी सगळ्यांना आठवते. जहाजावरची बंडखोर राणी. पुन्हा तेच, हातात शस्त्र. मला विचाराल तर 'पायाची दासी'तली सासू पाहा. वनमाला सून आणि दुर्गाबाई सासू. देखणी, अजून तरुण म्हणावी अशी नटी, आणि तिने खाष्ट सासू रंगवायला घेतली! आजच्या एखाद्या नायिकेला असे काम देऊन पाहा, दुसऱ्या दिवशी तिच्या मॅनेजरचा फोन येईल. रंगभूमीवर 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई त्यांनीच केली. (आनंदीबाई हे नावही असेच दांडगे आहे: पेशव्यांच्या, डॉक्टर जोशी, कर्वे, शिर्के. त्यावर वेगळा लेख होईल, संपादकांनी मनावर घेतले तर.) 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाईविषयी मी काही सांगत नाही, ती घरोघरी पाहून झाली आहे. पण 1988 साली दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' लागायचे, त्याच्या श्रेयनामावलीत निर्मितीसंस्थेचे नाव किती जणांनी वाचले? दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. बोलपटाच्या आरंभी तारामती झालेली बाई आर. के. लक्ष्मण यांच्या कारकुनाला घराघरांत पोहोचवणाऱ्या मालिकेच्या मागे होती. मधली कित्येक वर्षे लघुपट आणि जाहिरातपट काढणारी संस्था चालवणे, म्हणजे हिशेब, कर्जे, कामगार, उशिरा येणारी बिले. फाळके पुरस्कार 1983 सालचा. तो देताना अर्थातच सगळे सौदामिनीवरच बोलले असणार.

आता एक भांडण. मराठी कर्तबगार स्त्रियांच्या एका जाडजूड यादीत मी दुर्गाबाई देशमुखांचे नाव पाहिले आहे, 'महाराष्ट्रकन्या' म्हणून. आडनाव वाचले आणि दिले ठोकून. बाई राजमहेंद्रीच्या, तेलुगू. चिंतामणराव देशमुखांशी लग्न झाले 1953 साली, तोवर त्यांचे निम्म्याहून अधिक कर्तृत्व उरकले होते. महाराष्ट्राने हक्क सांगायचाच असेल तर तो महाडजवळच्या नाते गावच्या चिंतामणरावांमार्फत सून म्हणून सांगावा, कन्या म्हणून नव्हे. तेही सांभाळून, कारण संयुक्त महाराष्ट्रासाठी 1956 साली अर्थमंत्रिपद सोडणाऱ्या त्या माणसालाही आपण पुढे फारसे विचारले नाही.

या दुर्गाबाईंचा फाटकाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. 1923 चे काकीनाडा काँग्रेस अधिवेशन, प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून एक मुलगी, आणि तिकीट नाही म्हणून तिने जवाहरलालांना अडवले. ठीक आहे, छान आहे. पण मला त्याहून भारी वाटते ते पुढचे. आठव्या वर्षी झालेले लग्न मोडून बाहेर पडलेली ही मुलगी मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली, बाहेर आल्यावर बनारसची मॅट्रिक झाली, मग बी. ए., एम. ए. आणि मद्रासला वकिली. आणि ज्या मॅट्रिकने आपले दार उघडले तीच इतर मुलींना करून द्यावी, म्हणून मैलापूरला शिकवणीचे वर्ग काढले. त्या वर्गांतून आंध्र महिला सभा उभी राहिली; पुढे तिची रुग्णालये झाली, महाविद्यालये झाली. घटना समितीतली त्यांची भाषणे, नियोजन मंडळ, केंद्रीय समाजकल्याण मंडळाचे पहिले अध्यक्षपद, स्त्रीशिक्षणाची राष्ट्रीय समिती हा सगळा सरकारी भाग मी भराभर ओलांडतो. समित्यांच्या अहवालांवर लिहिण्याची माझी हौस केव्हाच फिटली आहे. एवढे मात्र खरे, की कौटुंबिक खटल्यांसाठी वेगळी न्यायालये हवीत हे त्यांनी चीनहून परतल्यावर सांगितले आणि कायदा व्हायला 1984 उजाडले. तोवर बाई गेल्याही होत्या. दिल्लीच्या मेट्रोत त्यांच्या नावाचे स्टेशन आहे. तिथे उतरणाऱ्यांना त्या कोण होत्या हे विचारू नये, उगाच रक्तदाब वाढतो.

लॅमिंग्टन रोडवर आज आपण संगणकाचे सुटे भाग आणायला जातो. ऑक्टोबर 1930 मध्ये तिथल्या पोलीस ठाण्याबाहेर मोटारीतून गोळ्या झाडल्या गेल्या. सार्जंट टेलर आणि त्यांच्या पत्नी जखमी झाल्या. झाडणाऱ्यांत एक बाई होती, दुर्गावतीदेवी व्होरा, क्रांतिकारकांच्या दुर्गाभाभी. लाहोर कटाचा निकाल लागून भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी सुनावल्याला एखाददुसरा दिवसच झाला होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात रावीकाठी बॉम्बची चाचणी घेताना पती भगवतीचरण गेले होते. त्याआधी डिसेंबर 1928 मध्ये सँडर्सच्या वधानंतर भगतसिंगांना लाहोरबाहेर काढायला याच बाई त्यांची पत्नी बनून पहिल्या वर्गाच्या डब्यात बसल्या, मांडीवर स्वतःचा लहान मुलगा. नोकराच्या वेशात सोबत आपले खेडचे राजगुरू. या प्रवासावर सिनेमे झाले आहेत, होत राहतील.

सिनेमात जे येत नाही ते असे. पुढे भाभी मद्रासला जाऊन मॉन्टेसरी पद्धत शिकल्या आणि 1940 साली लखनौला त्यांनी लहान मुलांची शाळा काढली. मूठभर पोरांनी सुरू झालेली ती शाळा वाढत गेली आणि बाई मात्र हळूहळू बातम्यांतून नाहीशा झाल्या. 1999 मध्ये गाझियाबादला वारल्या तेव्हा आपल्याकडच्या किती वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतले, ते जुने अंक चाळणाऱ्यांनी शोधावे. पिस्तूल चालवलेल्या हाताने पाटीवर अक्षरे गिरवून घेतली, असे वाक्य इथे टाकायचा मोह कुणालाही होईल. मी टाकत नाही. भाभींना बहुधा या दोन कामांत असा फरक वाटलाच नसावा.

आता माझ्या दुर्गाबाई. हो, माझ्याच म्हणतो. लोकसाहित्याच्या क्षेत्रात जी काही थोडी लुडबुड मी केली तिला त्यांच्या पुस्तकांनी वळण लावले, त्यामुळे इथे मी तटस्थ नाही आणि तसा आव आणणार नाही.

कऱ्हाडचे आधी उरकून घेतो. 1975 चा डिसेंबर, आणीबाणी, एक्कावन्नावे साहित्य संमेलन. कुसुमावती देशपांड्यांनंतर अध्यक्षपदी आलेली ही दुसरी स्त्री. समोर यशवंतराव चव्हाण, आणि बाईंनी तुरुंगवास भोगलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थनेला उभे केले. पुढच्या वर्षी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वाचत बसल्या असताना अटक झाली. हे धैर्य लहान नव्हते, तेव्हा भल्याभल्यांनी जिभा गिळल्या होत्या. पण गेली कित्येक वर्षे आमचे काही समीक्षक मित्र दुर्गाबाईंवर बोलायला उभे राहिले की कऱ्हाडहून निघतात आणि कऱ्हाडलाच पोहोचतात. त्यांना मी एकदा भर सभेत विचारले होते, की पोलीस आले तेव्हा बाईंच्या पुढ्यात पुस्तक कशासाठी उघडे होते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? अटकेच्या आधीही वर्षानुवर्षे आणि नंतरही वर्षानुवर्षे त्या तिथे बसत होत्या. त्या बसण्यातून काय काय आले, हे सांगणारे व्याख्यान मला अजून ऐकायचे आहे.

जन्म इंदूरचा, 1910 चा. घराणे राजारामशास्त्री भागवतांचे. धाकटी बहीण कमला, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारू पाहणाऱ्या सी. व्ही. रामनना हटवून आत शिरलेल्या, केंब्रिजची डॉक्टरेट घेतलेल्या. अशा घरातली थोरली मुलगी बौद्धांच्या धर्मशास्त्रावर प्रबंध लिहिते आणि मग ग्रंथालय सोडून मध्य प्रांतातल्या गोंडांच्या पाड्यांवर जाते. गाणी, कथा, उखाणे, रूढी गोळा करत पायी फिरते. मोटार नाही, टेपरेकॉर्डर नाही. कानाने ऐकायचे आणि हाताने उतरवायचे. या भटकंतीतच विषारी सुरण खाण्यात आला आणि बाई पार अंथरुणाला खिळल्या. पुढची काही वर्षे आजारपणात गेली. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. आज संशोधन म्हणजे प्रश्नावली भरून घेणे आणि निष्कर्ष आधी ठरवून गावात जाणे. विद्यापीठाची गाडी सकाळी पाड्यावर जाते आणि संध्याकाळच्या चहाला परत येते. अशा अभ्यासकांसमोर मी सुरणाची गोष्ट सांगतो तेव्हा ते विचारतात, "मग त्यांचं डेटा कलेक्शन अपुरं राहिलं का?"

अपुरे राहिले असेल. पण त्या आजारपणानंतर जे लिहिले गेले ते पाहा. 1956 या एका सालात 'लोकसाहित्याची रूपरेषा' आणि 'ऋतुचक्र'. पहिल्या पुस्तकाने मराठीत या विषयाची शिस्त घालून दिली. लोकगीत म्हटले की गळा काढून हळवे होण्याची जी चाल आपल्याकडे होती, आणि अजून आहे, तिला बाईंनी दटावले. कथा कुठून कुठे गेली, तिचे घटक कोणते, कोणता विधी कोणत्या गीताला चिकटला आहे, हे विचारायला शिकवले. दुसरे पुस्तक सगळ्यांचे लाडके. बारा महिन्यांचे निबंध, आणि त्यातली निरीक्षणे पुष्कळशी मुंबईतली. लोक त्याला 'ललित' म्हणून बाजूला काढतात आणि 'रूपरेषा' अभ्यासक्रमासाठी ठेवतात. मला ही वाटणी कधीच पटली नाही. पाड्यावरच्या म्हातारीचे गाणे ऐकताना तिने कुठला शब्द गाळला ते टिपणारा कान, आणि पिंपळाची पालवी कोणत्या दिवशी तांबूस होती ते टिपणारा डोळा, एकाच बाईचा आहे. 'ऋतुचक्र' हे क्षेत्रकार्यच आहे. फक्त क्षेत्र गॅलरीतून दिसणारे. हे मी फार पूर्वी लिहिले तेव्हा एका प्राध्यापकांनी आपल्या पुस्तकात 'भाबडे विधान' म्हणून बाजूला सारले होते. त्यांचे ते पुस्तक आता मिळत नाही, 'ऋतुचक्र' मिळते.

मग 'व्यासपर्व', मग 'पैस'. नेवाशाच्या त्या खांबावर, ज्याला ज्ञानेश्वर टेकून बसले अशी श्रद्धा आहे, त्यावर लिहिताना बाई भाविकही होत नाहीत आणि चिकित्सकाचा चष्मा घालून कोरड्याही होत नाहीत. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याच पुस्तकाला. जातककथांचे अनेक खंडांचे भाषांतर, बाणाची 'कादंबरी', थोरोचे 'वॉल्डन', भारतीय कोड्यांवरचा इंग्रजी ग्रंथ. आणि 'खमंग'! पाककृतींचे पुस्तक लिहायला त्यांना कमीपणा वाटला नाही, कारण फोडणी हीसुद्धा त्यांच्या लेखी लोकविद्याच होती. सरकारी मान नको म्हणून पद्मश्री नाकारली. त्यांची मते काही वेळा टोकाची असत, माणसांविषयीचे राग तर पक्के. त्यावर चघळणारे चघळोत. 2002 च्या मे महिन्यात गेल्या. तोवर लोकसाहित्याचे वर्ग बऱ्याच ठिकाणी चालू झाले होते आणि ऐकणारे कान कमी झाले होते.

गोंडांचा विषय निघालाच आहे म्हणून गढा-मंडल्याची राणी दुर्गावती. कालिंजरच्या चंदेलांची मुलगी, गोंड राजा दलपतशाहाची पत्नी, त्याच्या मागे लहान मुलाच्या नावाने राज्य चालवणारी. 24 जून 1564 ला असफखानाच्या मोगल फौजेशी लढताना बाणांनी जखमी झाली आणि पकडले जाण्याऐवजी तिने स्वतःच्या हाताने जीव दिला. अबुल फजलनेही तिचे गुण गायले. रणांगणाच्या त्या चित्राखाली दबून गेलेली गोष्ट जबलपुरात पाण्याच्या रूपात शिल्लक आहे. राणीताल तिच्या नावाचा, चेरीताल तिच्या दासीच्या, अधारताल तिच्या दिवाणाच्या. तलावाला दासीचे नाव पडू देणारे राज्य कसे असेल, यावर कादंबरी लिहायला हवी. लिहिणारे लढाईवरच लिहितात.

आणि याच मंडला भागातली आमच्या काळातली एक दुर्गा. दुर्गाबाई व्याम. परधान गोंड घरातली, लहानपणी आईकडून डिगना शिकलेली. डिगना म्हणजे सणासुदीला सारवलेल्या भिंती-जमिनीवर काढायची रेखाटने. जनगढसिंह श्याम यांनी भोपाळला ज्या चित्रकलेची वाट पाडली त्याच वाटेने या आल्या. 2022 ची पद्मश्री. भज्जू श्याम आणि रामसिंह उर्वेती यांच्याबरोबर त्यांनी रात्रीच्या झाडांवरचे एक चित्रपुस्तक केले. काळ्या कागदावर हाताने छापलेले, प्रत्येक झाडामागे एक कथा. गोंडांचा बडादेव साजाच्या झाडात राहतो. साज म्हणजे आपला ऐन. ते पुस्तक आणि 'ऋतुचक्र' मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो. एकीने गोंडांकडे जाऊन ऐकले, दुसरी गोंडांतून उठून सांगायला आली.

पण त्यांचे मोठे काम 2011 चे 'भीमायन'. पती सुभाष व्याम यांच्यासह काढलेले बाबासाहेबांचे चरित्र. चौकटी नाहीत. एरवीच्या चित्रकथांतल्या सरळ रेघांच्या खोक्यांत माणसे कोंडायला दोघांनी नकार दिला. डिगनाच्या वळत्या पट्ट्यांनी पान भागते. कुणी मायेने बोलला तर त्याच्या बोलाचा आकार पक्ष्याचा. जातीचे विष ओकणाऱ्याच्या बोलाला विंचवाची नांगी. पाण्याच्या गोष्टीत मासे जिथे तिथे. मसूर स्टेशनावर उतरलेले लहानपणीचे बाबासाहेब आणि सोबतची मुले, मग गाडीवान मिळेना, मिळाला तर पाणी मिळेना, ती बैलगाडीची रात्र या शैलीत येते तेव्हा वाचलेली हकीकत नव्याने अंगावर येते. हे मसूर कऱ्हाड तालुक्यातले. कऱ्हाडला दुर्गा भागवतांचे भाषण आठवणाऱ्यांनी शेजारच्या मसूरला या दुर्गेने काय काढले तेही पाहिले तर बरे होईल.

दुर्गा जसराज वगैरे आजच्या मंडळींविषयी मी लिहीत नाही. त्यांचे त्यांना लिहू द्या. शांतारामांच्या या नातीचे नाव दुर्गा आहे, एवढा धागा नोंदवून ठेवतो. मुलींना हे नाव ठेवण्याची चाल आता मोडत आली आहे. आमच्या चाळीत हाक मारली की दोन-तीन दारे उघडायची. हल्लीच्या बारशांना मी गेलो तर नावाचा उच्चार नीट येईपर्यंत पेढा संपतो.

'भीमायन' घ्यायला मी पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. मुलाने संगणकात पाहिले, आहे म्हणाला, आणि थेट बालविभागाकडे चालू लागला. प्रत तिथेच होती, रंगवायच्या पुस्तकांत. मी त्याला ती आंबेडकरांच्या फडताळात लावायला सांगितली. तो म्हणाला, "काका, तिथं चित्रांची ठेवत नाही." मी दोन प्रती घेतल्या आणि एक त्याला दिली.